दर रविवारी दहा मिनिटं

"नुसतं झाकण लावून भागत नाही. हवा जाते आत," आई म्हणाली आणि माझ्या हातातली बरणी घेऊन तिनं ती पुन्हा उघडली.

मे महिन्यातला शनिवार होता. स्वयंपाकघरामागच्या पडवीत आम्ही दोघी लोणच्याच्या बरण्या भरत होतो. दुधाच्या रिकाम्या पिशव्या धुऊन, वाळवून आईनं त्यांचे चौकोन कापून ठेवले होते. बरणीच्या तोंडावर असा एक चौकोन दुहेरी घडी घालून ताणून बसवायचा, आणि मग त्यावरून झाकण फिरवायचं. ही तिच्या माहेरची पद्धत. तिच्या लोणच्याला कधी बुरशी आली नाही.

"पुण्याला नेलेलं लोणचं खराब झालं म्हणून दर वर्षी फोन करतेस. होणारच की. तू झाकण लावतेस म्हणजे नुसती टोपी घालतेस त्याला."

"आई, मी ग्रंथपाल आहे. मला बुरशी कळते ती पुस्तकांची."

"तेच म्हणते मी. लोणचंपण पुस्तकासारखंच ठेवतेस, उघडं टाकून."

पडवीला लागूनच गाडीची शेड होती. तिथून अण्णांचा आवाज आला, "उज्जू, जरा इकडं ये गं. पेट्रोलचा वास येतोय का बघ. मला आता डोळ्यासारखं नाकावरपण भरवसा ठेवता येत नाही."

वास येत होता. सकाळपासून आईचं डोकं दुखत होतं ते त्यामुळंच असणार. आदल्या दिवशी मी आणि अण्णा लोणच्याचा मसाला आणायला गडहिंग्लजला गेलो होतो, तेव्हा अण्णांनी टाकी काठोकाठ भरून घेतली होती. "तू येतेस तेव्हाच तिचं पोट भरतं," असं म्हणून. गाडी मी चालवत होते, आणि जाताना भैरीची खिंड ती तिसऱ्या गिअरमध्ये चढली. सतरा वर्षांची गाडी. अण्णा खुशीत तिच्या टपावर थापा मारत होते, जशा ते म्हशींच्या पाठीवर मारायचे.

अण्णा जनावरांचे डॉक्टर होते. ही गाडी त्यांनी खेडोपाडी फिरवली होती. निवृत्तीनंतर डोळ्यांत मोतीबिंदू उतरला आणि त्यांनी गाडी चालवणं थांबवलं. मग बावन्नाव्या वर्षी आईला शिकवली. ती तीन-चार वेळा बाजारापर्यंत गेली. एकदा पारावर बसलेलं कुणी तरी म्हणालं, "डॉक्टरीणबाई विमान चालवायला लागल्या." त्या दिवसापासून तिनं गाडी बाहेर काढणं सोडलं. दर रविवारी सकाळी ती शेडमध्येच गाडीत बसायची, इंजिन चालू करायची, घड्याळ बघून दहा मिनिटं झाली की बंद करायची. याला ती "गाडी गरम करून ठेवणं" म्हणायची.

मी पेट्रोलचं झाकण काढून पाहिलं. आतलं रबर झिजून दोन ठिकाणी तुटलं होतं.

"गौस मिस्त्रीकडनं नवीन रबर आणायला पाहिजे," अण्णा म्हणाले.

"तोवर मी करते काही तरी."

पडवीत जाऊन मी दुधाच्या पिशवीचा एक चौकोन आणला. दुहेरी घडी घातली, टाकीच्या तोंडावर ताणून बसवला आणि वरून झाकण घट्ट फिरवलं. दहा मिनिटांत वास गेला.

अण्णा बघत उभे होते. "काय लेक आहे माझी. मी जन्मभर फुगलेल्या म्हशींची पोटं टोचून हवा सोडली, आणि ही बघा, बुजवत बसली आहे."

"गाडी आहे ती, अण्णा. म्हैस नाही."

"बघूया की. मुरू दे आता पेट्रोल. पाडव्याला काढू पानात वाढायला."

आई पडवीतूनच हसली. तिचं ते हसणं मला अजून ऐकू येतं.

संध्याकाळच्या एसटीनं मी पुण्याला निघाले. दोघंही स्टँडवर आले. गाडी सुटायच्या आधी अण्णा खिडकीपाशी उभे राहून आईला म्हणाले, "उद्या रविवार. उद्या गाडी बाहेर काढ. ओढ्यापर्यंत तरी फिरवून आण."

"चालू करते की दहा मिनिटं."

"नुसती चालू करून काय होतंय? बांधून ठेवलेल्या जनावराचे पाय जातात. फिरवायला पाहिजे."

"तुमचे मोतीबिंदू काढा आणि तुम्हीच फिरवा," आई म्हणाली.

एसटी सुटली. मी हात केला. त्या दोघांचं भांडण चालूच होतं.

•

रविवारी सकाळी अकराच्या सुमारास गावातून फोन आला. मी पोचले तेव्हा सगळं संपलं होतं.

काय झालं ते आईनं मला चौथ्या दिवशी दुपारी सांगितलं. तोवर ती बोललीच नव्हती. भेटायला आलेल्या बायका जेवायला गेल्या होत्या. आम्ही दोघीच मधल्या खोलीत बसलो होतो.

"साडेसात झाले असतील. चहाचा कप खाली ठेवला आणि म्हणाले, छाती जड वाटते. घाम बघितला त्यांचा आणि मला कळलं. लग्नाची तिथी होती बघ, गावातल्या दोन्ही जीपा वऱ्हाडाला गेलेल्या. मग मीच म्हटलं, बसा गाडीत."

"तू एकटी?"

"मग कोण? ओढ्यापर्यंत नीट गेली. त्याच्या पुढंही, आंब्याच्या रायांपर्यंत. मी एवढ्या जोरात कधी चालवली नव्हती. त्यांनी डोळे मिटलेले. तसंच म्हणाले, छान चालवतेस. मी म्हटलं, बोलू नका." पदराचं टोक तिनं बोटाला गुंडाळलं, सोडलं. "चढ लागला आणि काय झालं तिला काय माहीत. पाय दाबला की आधी थबकायची. मग उचलायची, परत थबकायची. मला वाटलं माझा क्लच चुकतोय. दुसऱ्यात टाकली. पहिल्यात टाकली. पाय पार तळाला टेकला होता उज्जू, आणि गाडी आपली माणसाच्या चालीनं. मग बंदच पडली."

"अण्णा काय म्हणाले?"

"म्हणाले, दम खाऊ दे तिला. घाबरू नकोस. पाच-सात मिनिटांनी चालू झाली. शे-दोनशे पावलं गेली आणि परत तेच. तसं तीनदा झालं. दोनदा त्यांनी मला सांगितलं, घाबरू नकोस. तिसऱ्यांदा काही बोलले नाहीत."

मागून दूध संघाचा टेम्पो आला. कॅन खाली उतरवून, त्या जागेत अण्णांना झोपवून त्यांनी गडहिंग्लजला नेलं. दवाखान्यात अर्धा तास त्यांनी प्रयत्न केले. आईनं डॉक्टरांना विचारलं, अर्धा तास आधी आणलं असतं तर? ते म्हणाले, काकी, असं सांगता येत नाही.

"सांगता येत नाही म्हणाले," आई म्हणाली. "नाही असं म्हणाले नाहीत."

"तुझा क्लच चुकला नसेल, आई. गाडीतच काही तरी झालं असेल."

"तू चालवलीस तेव्हा खिंड चढली होती ना? दोनच दिवस आधी?"

"चढली होती."

"मग?" ती म्हणाली.

मी तेव्हाच ठरवलं की तेराव्यानंतर गौस मिस्त्रीकडं जायचं आणि गाडीचं काय बिघडलं ते शोधून काढायचं. आईच्या हातात चूक नव्हती, एवढं मला तिला दाखवून द्यायचं होतं. मी दुसऱ्या कशासाठीही गेले नव्हते.

•

टेम्पोवाल्यांनी गाडी खिंडीतून ओढून गौस मिस्त्रीच्या गॅरेजात आणून ठेवली होती. गडहिंग्लजच्या वेशीबाहेर, चिंचेखाली पत्र्याचं गॅरेज. गौसभाई एकटेच काम करायचे. अण्णांच्या गाडीला त्यांच्याशिवाय कुणी हात लावला नव्हता, आणि त्यांच्या शेळ्यांना अण्णांशिवाय कुणी.

त्यांनी माझ्यासाठी लाकडी स्टूल पुसून ठेवलं. मग म्हणाले, "डॉक्टर गेलं, आता शेळ्यास्नी कोण शिव्या घालणार?" आणि खांद्यावरच्या फडक्यानं डोळे पुसले. फडक्यावरचं काळं ऑइल गालाला लागलं.

मी म्हणाले, "गौसभाई, गाडीला काय झालं होतं तेवढं सांगा. आईला वाटतं तिला चालवता आली नाही."

"काकीस्नी चालवाय येत न्हाई? मीच त्यांची परीक्षा घेतलीती. डॉक्टरांपेक्षा गुळगुळीत गिअर टाकतात." ते उठले. "बगूया."

चावी फिरवल्याबरोबर गाडी चालू झाली. एका दमात. चौदा दिवस उभी होती, तरी आवाज स्वच्छ होता. गौसभाई कान देऊन ऐकत राहिले.

"हिला तर काय बी झाल्यालं न्हाई," ते म्हणाले. गाडीत काहीच नसेल, तर मग दोष आईचाच.

"जागेवर बरीच चालते," मी म्हणाले. "चढावर थबकत होती."

"थबकत होती का धक्के देत होती? दोन येगळी दुखणी हायत ती. ठिणगी चुकली तर धक्के देती. पेट्रोल कमी पडलं तर थबकती, मग दमती. बसा गाडीत. दुखणं दिसल्याबिगर औषध न्हाई."

आम्ही खिंडीच्या रस्त्याला लागलो. सपाटीवर पाच-सहा किलोमीटर गाडी मजेत धावली. चढ लागला. पहिलं वळण गेलं. दुसऱ्या वळणावर गौसभाईंनी पाय दाबला आणि गाडी क्षणभर काहीच न करता राहिली, जसं एखादं माणूस आपण बोलावल्यावर ऐकू आलं नाही असं दाखवतं. मग उचलली. मग पुन्हा तसंच. आईनं सांगितलं होतं तसंच, तंतोतंत. तिसऱ्या वळणापाशी ती बंद पडली.

मला त्या क्षणी आनंद झाला. आईची चूक नव्हती.

गौसभाईंनी बॉनेट उघडलं. पान्यानं एक प्लग काढला आणि त्याचं टोक माझ्यापुढं धरलं. "हे काळं असलं तर पेट्रोल जादा. बिस्किटावानी असलं तर ब्येस. हे बगा."

टोक पांढरं होतं.

"उपाशी हाय," ते म्हणाले.

मग त्यांनी एकेक गोष्ट तपासली. फिल्टर काढून फुंकला, स्वच्छ होता. पंपाची नळी सोडवून इंजिन फिरवलं, तर पेट्रोलची अगदी बारीक धार आली आणि तुटली. पंप उघडून आतला पडदा उजेडात धरून पाहिला. तो धड होता. त्यांनी सगळं परत जोडलं, चावी फिरवली, आणि गाडी पुन्हा चालू झाली. जणू काही झालंच नव्हतं.

गौसभाई रस्त्याकडेच्या दगडावर बसले. विडी काढली, पेटवली नाही. "ताई, इचार करण्यासारखं हाय. ही पळती, मग मरती. जरा बसली की बरी हुती. फिल्टर भरला असता तर बसून बरी झाली नसती. पंप गेला असता तर सपाटीलाबी रडली असती. म्हंजे दुखणं पुढं न्हाई."

"मग?"

"मागं."

आम्ही पुन्हा निघालो. या वेळी वळणही यायच्या आधी ती थबकायला लागली. बंद पडली तशी गौसभाईंनी बॉनेटकडं पाहिलंसुद्धा नाही. उतरून मागं गेले. टाकीच्या झाकणाला कान लावला. मग झाकण हळूच फिरवलं.

लांबलचक आवाज आला. खूप वेळ श्वास कोंडून धरलेल्या माणसानं हवा आत ओढून घ्यावी तसा.

झाकण त्यांच्या हातात होतं. टाकीच्या तोंडावर दुधाच्या पिशवीचा चौकोन आत ओढला जाऊन वाटीसारखा खोल गेला होता. त्याच्यावरची निळी अक्षरं ताणून मोठी झाली होती.

"ह्या झाकणाला बारीक भोक असतंय," गौसभाई म्हणाले. ते मला सांगत नव्हते, स्वतःशीच बोलत होते. "पेट्रोल जाईल तशी आत हवा याय पायजे. हवा न्हाई आली, की टाकी पेट्रोल सोडत न्हाई. पंप बिचारा वडतोय, वडतोय. आन टाकी काठोकाठ भरल्याली, आत हवाच न्हाई. म्हणून लवकर जीव गेला. उभी ऱ्हायली की फटीतनं जरा हवा शिरायची, म्हणून परत चालू." त्यांनी प्लास्टिक बोटानं उचललं. "जागेवर दहा मिनिटं चालू केली असती तर काय बी कळलं नसतं. ह्ये कुणी केलं?"

रस्त्यानं एक बैलगाडी वर चालली होती. ती वळणाआड जाईपर्यंत मी तिच्याकडं बघत राहिले.

"मी," मी म्हणाले.

गौसभाईंनी तो चौकोन दुमडला. आणखी दुमडला. खिशात घातला.

"वास येत होता," मी म्हणाले. "आईचं डोकं दुखत होतं."

"व्हय."

"अण्णा तिथंच उभे होते."

"डॉक्टरांस्नी गाडीतलं काय कळत नव्हतं, ताई. त्यांस्नी फकस्त म्हस कळायची." ते माझ्याकडं बघत नव्हते. "तुमास्नीबी ठावं नव्हतं. ठावं असतं तर केलं असतं का?"

मी मान हलवली. मग म्हणाले, "गौसभाई, आईला हे सांगू नका."

"त्या इचारणार. तुमी त्यासाठीच आलाय न्हवं?"

"टाकीत कचरा होता, तो नळीत अडकला, असं सांगूया."

त्यांनी पहिल्यांदा माझ्याकडं नीट पाहिलं. "ताई, कचरा उभ्या गाडीत साचतो. फिरत्या गाडीत न्हाई. काकी काय म्हणतील, ठावं हाय का तुमास्नी? म्हणतील, मी फिरवली न्हाई म्हणून झालं."

"नाही म्हणणार."

"म्हणतील."

"मी समजावीन तिला."

गौसभाईंनी झाकण लावलं, मोकळंच. "मी खोटं बोलणार न्हाई. आन खरं बी सांगणार न्हाई, ते तुमचं हाय. त्यांनी मला इचारलं तर मी म्हणीन, ताईस्नी इचारा."

उरलेला चढ गाडी तिसऱ्या गिअरमध्ये चढली. खिंडीच्या माथ्यावर भैरीच्या देवळापाशी त्यांनी वेग कमी करून नमस्कार केला. मुल्लांच्या घरातले असून ते नेहमी तिथं हात जोडायचे. मी जोडले नाहीत.

•

आई पडवीत बसली होती. मी आल्याबरोबर तिनं विचारलं, "काय म्हणाला गौस?"

"तुझा क्लच चुकला नव्हता. ते म्हणाले, तू अण्णांपेक्षा छान चालवतेस."

"मग झालं काय होतं?"

"टाकीत कचरा होता. नळीत अडकला."

तिनं अंगणाकडं पाहिलं. मग अगदी सावकाश म्हणाली, "बसून बसून साचला असेल."

मला एवढंच म्हणायचं होतं की नाही. तसं नाही, आई. एक शब्द. गौसभाईंना मी सांगितलं होतं की मी समजावीन.

"असेल," मी म्हणाले.

"फिरवायला पाहिजे होती," ती म्हणाली.

•

आईनं त्यानंतर गाडी चालवली नाही. गाडी गौसभाईंकडंच राहिली. पुढं त्यांनी ती कुणाला तरी दिली, आणि सात वर्षांनी तेही गेले. आईनं त्यांना कधी काही विचारलं नव्हतं.

पण ती ही गोष्ट सांगायची. पहिल्या वर्षी कुणाला नाही, मग जवळच्यांना, मग जो येईल त्याला. स्कूटर शिकणाऱ्या मुलींना, नवीन ट्रॅक्टर घेतलेल्यांना. हळूहळू गोष्टीला आकार आला. अण्णांनी एसटीच्या खिडकीपाशी "उद्या गाडी फिरवून आण" म्हटलं, तिथून ती सुरू व्हायची. "बांधून ठेवलेल्या जनावराचे पाय जातात" हे त्यांचं वाक्य ती त्यांच्याच सुरात म्हणायची. आणि शेवटी, "मी दर रविवारी दहा मिनिटं नुसती जागेवर गरम केली, आणि माणूस गार झालं." हे वाक्य तिला कधी सुचलं मला माहीत नाही. मी पहिल्यांदा ऐकलं तेव्हा उठून आत गेले होते.

मी सुट्टीला यायचे, ऐकायचे आणि गप्प बसायचे. माझ्याकडं कारणं होती. अण्णा गेले, आता मुलीबद्दलही तिच्या मनात काही यायला नको. इतक्या वर्षांनी सांगून काय होणार. तिला हे सोसायची सवय झाली आहे. माझ्या कामात मी कबुलीजबाबांची पुस्तकं पुष्कळ वाचली आहेत. त्यांत बोलणारं माणूस बोलून मोकळं होतं. ऐकणाऱ्याचं पुढं काय होतं, ते फारसं कुणी लिहीत नाही. मी हेही एक कारण म्हणून वापरलं.

अकराव्या वर्षी दिवाळीनंतर मी चार दिवस जास्त राहिले, कारण आई विसरायला लागली होती. चहात दोनदा साखर घालायची. माझ्या आत्याचं नाव तिला आठवेना. एकदा तिनं मला विचारलं की अण्णा किती वर्षांपूर्वी निवृत्त झाले, आणि मी सांगितल्यावर म्हणाली, "मग आता कुठं आहेत?" पण गाडीची गोष्ट तिला जशीच्या तशी आठवत होती. बाकीचं एकेक निसटत चाललं होतं, आणि ही तेवढी शाबूत होती. काही दिवसांनी तिच्याजवळ हीच उरणार, हे मला दिसत होतं.

त्या सकाळी शेजारची लता मोरबाळे आली. चाळिशीची बाई. तिचा नवरा महिन्यापूर्वी शेतात काम करता करता गेला होता. आईनं तिला जवळ बसवून घेतलं. मी चहा ठेवला. दार उघडं होतं, त्यांचं बोलणं स्वयंपाकघरात ऐकू येत होतं.

"आदल्या दिवशी म्हणाले होते, काकी, डोकं दुखतंय म्हणून," लता म्हणत होती. "मी चहा करून दिला नुसता. दवाखान्यात न्यायला पाहिजे होतं का हो?"

"डोकं काय सगळ्यांचंच दुखतं. तुला कसं कळणार गं?"

"पण मला वाटतं, माझ्या हातून..."

"तुझ्या हातून काही झालेलं नाही," आई म्हणाली. आवाज ठाम होता, विसरणाऱ्या बाईचा नव्हता. "ते मनात आणू नकोस. हातून होणं काय असतं ते मला विचार. माझ्या दारात गाडी होती. एसटीच्या खिडकीपाशी ते मला म्हणाले, उद्या रविवार, उद्या गाडी फिरवून आण..."

मी गॅस बंद केला. चहा उकळायचा राहिला होता.

तिनं सगळी गोष्ट सांगितली. ओढा, आंब्याच्या राया, तीन वेळा थांबणं. शेवटचं ते वाक्यही. मला वाटलं संपलं. पण त्या दिवशी तिनं पुढं एक सांगितलं, जे मी आधी कधी ऐकलं नव्हतं.

"मला मरायची भीती वाटते लता, ती ह्याचीच. वर गेल्यावर ते पहिलं हेच विचारतील, फिरवलीस का गाडी. मी काय सांगू?"

लता रडायला लागली. तिला स्वतःसाठी रडायला आता कारण मिळालं होतं. आईनं तिचा हात हातात घेतला आणि थोपटत राहिली. अण्णा जनावरांना थोपटायचे तशी नाही, तिच्या पद्धतीनं, अगदी हलक्या हातानं.

मी दारात येऊन उभी राहिले. आईनं वर पाहिलं. "चहा झाला?"

"नाही."

"मग ठेव की. लता कधीची आली आहे."

मी तिथंच जमिनीवर बसले, तिच्यासमोर. लतापुढं बोलू नये असं क्षणभर वाटलं. पण आई इतकी वर्षं सगळ्यांपुढंच बोलत आली होती.

"आई, माझ्याकडं बघ," मी म्हणाले. "टाकीत कचरा नव्हता. गाडी उभी होती म्हणून बंद पडली नाही. तू शंभर वेळा फिरवून आणली असतीस तरी ती त्या दिवशी बंदच पडली असती, कारण आदल्या दिवशी टाकीची हवा मी बंद केली होती, माझ्या हातानं. गौसभाईंनी मला ते खिंडीत उघडून दाखवलं. तू मला विचारलंस तेव्हा मला माहीत होतं. मी तुला खोटं सांगितलं."